काशाचं ग्रीक नाणं ओळखायचं कसं?

ग्रीक नाणं म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे अथेन्सची घुबडवाली चांदी येते. पण अथेन्सच्या बाजारात मूठभर ऑलिव्ह घ्यायला कुणी ते १७ ग्रॅमचं घुबड मोडत नसे. तिथे इ.स.पू. चौथ्या शतकापासून चालायचा तो खाल्कूस, काशाचा बारका पैसा. आठ खाल्कूस म्हणजे एक ओबोल, सहा ओबोल म्हणजे एक द्राख्मा आणि घुबड चार द्राख्म्यांचं. एक घुबड मोडलं तर १९२ खाल्कूस हातात येणार.

त्याआधी चिल्लरही चांदीतच पाडत. अथेन्सचा ओबोल जेमतेम ०.७ ग्रॅमचा, त्याचा आठवा भाग ०.०९ ग्रॅम, म्हणजे गुंजेहूनही हलका. अशी नाणी हरवू नयेत म्हणून लोक गालात धरून बाजाराला जात, हे ॲरिस्टोफेनिसच्या नाटकांतून कळतं. या अडचणीवर पहिला तोडगा सिसिली आणि दक्षिण इटलीतल्या ग्रीक शहरांनी काढला, इ.स.पू. पाचव्या शतकाच्या मध्याला. अक्रागास (आजचं अग्रिजेंतो) इथली सुरुवातीची नाणी तर साच्यात ओतलेली, दाढेच्या आकाराची आहेत. काळ्या समुद्राकाठच्या ओल्बियात काशाचे चिमुकले डॉल्फिनच नाणी म्हणून चालले.

संग्राहकाने इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायची. चांदीच्या नाण्याची किंमत त्याच्या वजनात असे, काशाच्या नाण्याची किंमत शहराच्या शब्दात. खाल्कूसमधल्या धातूचं मोल त्याच्या दर्शनी किमतीपेक्षा कमी होतं. शहराबाहेर तो शब्द कुणी मानत नसे, म्हणून ही नाणी सहसा घर सोडून फार लांब जात नसत. आणि शब्दावरच चालायचं म्हटल्यावर टांकसाळीतही वजनाची फार काटेकोर तपासणी होत नसे. एकाच प्रकारातलं एक नाणं ५.५ ग्रॅमचं, दुसरं ७ ग्रॅमचं, आणि दोन्ही अस्सल, हे इथे नेहमीचं. चांदीची सवय असलेला नवखा माणूस नेमका इथे फसतो. वजन जुळत नाही म्हणून खरं नाणं परत करतो आणि वजन जुळलं म्हणून खोटं ठेवून घेतो.

आधी मोजमाप, मग चेहरा

साहित्य थोडंच लागतं: ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा सराफी काटा, डिजिटल कॅलिपर, दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि एका बाजूने प्रकाश टाकता येईल असा दिवा. समोरून येणाऱ्या प्रकाशात झिजलेलं अक्षर दिसतच नाही. दिवा नाण्याच्या पातळीपासून थोडाच वर धरा, नाणं हळूहळू फिरवा, आणि चारही बाजूंनी फोटो काढा. एका फोटोत नसलेलं अक्षर दुसऱ्यात हमखास उगवतं.

वजन आणि व्यास लिहून झाला की ठशांची दिशा पाहायची. पुढच्या बाजूचं डोकं सरळ उभं धरा, नाणं उभ्या अक्षाभोवती वही उलटावी तसं उलटा, आणि मागच्या चित्राचा माथा घड्याळातल्या किती वाजण्याकडे आहे ते नोंदवा. काही टांकसाळींत दोन्ही ठसे ठरावीक दिशेने बसवत, काहींत कसेही. टॉलेमी या ग्रीक राजघराण्याच्या इजिप्तची नाणी बहुतेक बाराच्या दिशेची असतात. तसल्या नाण्यावर पाचची दिशा दिसली, तर ते पुन्हा एकदा नीट पाहावं.

मग चकती. चित्र पुरतं पुसलेलं असलं तरी चकती बोलते. सिसिलीतल्या चकत्या लहान पण जाड, हातात दगडी गोटीसारख्या लागतात. टॉलेमींची मोठी नाणी ४० मिलिमीटरच्याही पुढे जातात, काही ७० ग्रॅमहून जड भरतात, आणि इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या मध्यापासून त्यांच्या दोन्ही बाजूंना मधोमध एक खळगा दिसतो. खळगा का पाडला यावर अभ्यासकांचं एकमत नाही, ओळख पटवायला मात्र तो पुरतो. सीरियातल्या सेल्युकीद राजांची इ.स.पू. दुसऱ्या शतकातली काही नाणी कडेने दातेरी असतात, बाटलीच्या बुचासारखी. चकत्या साच्यात ओळीने ओतून नंतर तोडत, तेव्हा कडेला राहिलेलं बोंड पुष्कळ नाण्यांवर शाबूत आहे. ते पाहून नाणं ओतीव, म्हणजे खोटं, असा निकाल देऊ नका. चकती ओतलेली असते, चित्र मात्र हातोड्याने ठोकलेलं असतं.

मागच्या बाजूला जास्त वेळ द्या

पुढचं डोकं देखणं असतं, म्हणून सगळे तिथेच रेंगाळतात. पण अपोलो, अथीना, हेराक्लीस, झ्यूस ही डोकी शेकडो शहरांनी वापरली. सिंहाचं कातडं पांघरलेला हेराक्लीस दिसला आणि मागे म्यानातलं धनुष्य आणि गदा असेल, तर बहुधा अलेक्झांडर. मागे खेकडा असेल तर कोस बेट. मागे तीन-चार ओळींत एखाद्या अधिकाऱ्याचं नाव लिहिलं असेल तर एरिथ्राई. डोकं एकच, गावं तीन.

काही शहरांनी तर स्वतःच्या नावावर कोटी केली आहे. रोड्सच्या नाण्यावर गुलाब, कारण ग्रीकमध्ये गुलाबाला ऱ्होदोन म्हणतात. सीदे शहराचं चिन्ह डाळिंब, कारण त्या शब्दाचा अर्थच तो. एफेससची मधमाशी आणि हरीण आर्टेमिस देवीमुळे. सिराक्यूजच्या दुसऱ्या हिएरॉनच्या पैशावर पोसायडनचं डोकं आणि मागे त्रिशूळ, दोन्ही अंगांना डॉल्फिन. हे नाणं इतकं मुबलक आहे की सिसिलीची नाणी जमवणाऱ्याच्या हाती पहिल्यांदा बहुधा हेच लागतं.

आता अक्षरं. ग्रीक भाषा येत नसली तरी मराठी माणसाची अडचण होऊ नये, कारण नाण्यावरचा लेख बहुतेक वेळा षष्ठी विभक्तीत असतो. ‘फिलिप्पू’ म्हणजे फिलिपचं. ‘सिराकोसिओन’ म्हणजे सिराक्यूजकरांचं. ‘एफेसिओन’ म्हणजे एफेससकरांचं. पुढचा ‘नाणं’ हा शब्द गृहीत धरलेला. आपल्याकडच्या सातवाहन नाण्यांवर ‘रञो सिरि सातकणिस’ लिहिलंय तेही तसंच, राजा श्री सातकर्णीचं. त्यामुळे शेवट ‘ओन’ने होत असेल तर नाणं बहुधा शहराचं, ‘ऊ’ किंवा ‘ओस’ने होत असेल तर बहुधा एका माणसाचं, आणि आधी ‘बासिलेओस’ असेल तर राजाचं. अपवाद आहेत, आमिसोस शहर आपलं नाव ‘आमिसू’ असं एकवचनात लिहितं.

अक्षरांच्या वळणावरूनही काळ कळतो. सिग्मा हे अक्षर आधी कोनाकोनाचं, चार रेघांचं. पुढे ते चंद्रकोरीसारखं गोल झालं. आल्फाची मधली आडवी रेघ सरळ असेल तर नाणं जुनं असू शकतं, ती मध्येच खाली मोडलेली असेल तर बहुधा इ.स.पू. दुसऱ्या-पहिल्या शतकातलं किंवा त्यानंतरचं.

पूर्ण लेख एकाच नाण्यावर मिळेल अशी आशा धरू नका. शिवराई जमवणाऱ्यांना हे सांगायला नको. ठसा मोठा, चकती लहान, त्यात हात हललेला, म्हणून ‘श्री राजा शिव’मधलं काहीतरी कडेबाहेर जातंच. इथेही तीच गत. चार-पाच नमुने शेजारी ठेवून लेख जुळवावा लागतो.

एक नाणं हातात घेऊ

व्यास १७.५ मिमी, वजन ६.३ ग्रॅम, काळपट हिरवं. पुढे उजवीकडे पाहणारं तरुण डोकं, मागे घोडेस्वार. एवढ्यावर थांबलं तर डझनभर शक्यता उरतात. भिंगातून केस पाहा. कपाळाभोवती पानं आहेत की साधी फीत? पानं वेगवेगळी टोकदार दिसतात, फीत सलग पट्टी असते आणि मानेमागे तिची टोकं सुटलेली असतात. इथे फीत आहे. मागे घोडेस्वार उघडा, तरुण, आणि त्याच्या डोक्यावर अक्षरं. त्यात सगळ्यात आधी डोळ्यांत भरतात त्या शेजारी शेजारी उभ्या दोन चौकटी, वर आडवी आणि दोन पाय. ही ‘पाय’ (Π) या ग्रीक अक्षराची जोडी. त्यांच्या डावीकडे अंतर ठेवून एक गोल, त्यातून उभी रेघ गेलेली. हा ‘फाय’ (Φ). एवढी तीन अक्षरं ‘फिलिप्पू’ वाचायला पुरतात. नाणं मॅसेडोनियाचं, दुसऱ्या फिलिपचं, अलेक्झांडरच्या वडिलांचं. त्यांची कारकीर्द इ.स.पू. ३५९ ते ३३६.

काम मात्र अजून संपलं नाही. घोड्याच्या पोटाखाली एखादं चिन्ह किंवा अक्षर असतं. तेच या नाण्याला शेकडो भावंडांपासून वेगळं करतं. आणि फिलिपच्या नावाची नाणी त्याच्या मृत्यूनंतरही पाडली गेली, म्हणून चिठ्ठीवर ‘फिलिपच्या हयातीत’ असं ठोकून लिहू नये. विक्रेते हे डोकं फिलिपचा चेहरा म्हणून विकतात आणि हेराक्लीसचं डोकं अलेक्झांडरचा चेहरा म्हणून. पहिला अपोलो आहे, दुसरा हेराक्लीस.

तारीख लिहिलेलं नाणं मिळालं तर भाग्य. सेल्युकीद राजांचा शक इ.स.पू. ३१२च्या शरदात सुरू होतो आणि ग्रीक अक्षरंच अंक म्हणून वापरली जातात. सातव्या अँटिओकसच्या एका काशाच्या नाण्यावर पुढे इरॉस, मागे आयसिसचा मुकुट आणि खाली तीन अक्षरं: एप्सिलॉन, ओमिक्रॉन, ऱ्हो. पाच, सत्तर, शंभर; वर्ष १७५. शकाचं पहिलंच वर्ष ३१२चं, म्हणून ३१३मधून १७५ वजा केले की १३८. म्हणजे इ.स.पू. १३८ची शरद ते १३७ची शरद. राजाच्या मूर्तीशिवायच्या, हाताच्या नखाएवढ्या पैशावर वर्ष छापलेलं वाचता येणं, यासाठीच तर हा छंद.

चिन्ह, मोनोग्राम (एकात एक गुंफलेली अक्षरं) आणि तारीख हाती आली की अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या मोफत ऑनलाइन याद्या उघडा. अलेक्झांडर आणि त्याच्या घराण्यासाठी ‘पेला’, सेल्युकीदांसाठी आणि टॉलेमींसाठी स्वतंत्र याद्या आहेत. शोधताना आधी मागच्या बाजूचं वर्णन भरा.

इथे घोटाळा होतो

ग्रीक अक्षरं म्हणजे ग्रीक काळ, असं नाही. रोमन सम्राटांच्या काळातही पूर्वेकडची शहरं ग्रीकमध्येच लिहीत होती. डोक्याभोवती गोलाकार लेख आणि त्यात ‘काइसार’, ‘सेबास्तोस’ किंवा ‘आउत’ असं काही आढळलं, तर ते रोमन प्रांतिक नाणं. त्याचे ग्रंथ वेगळे, भाव वेगळे.

पुन्हा मारलेले ठसेही गोंधळात टाकतात. क्रिमियातल्या पांटिकापाइऑन (आजचं केर्च) शहराने आपल्या चलनातल्या नाण्यांवर बारा किरणांचा तारा आणि धनुष्याचा भाता असे छोटे शिक्के मारले. जुना पैसा नव्याने प्रमाणित करायचा हा मार्ग. नवखा माणूस त्याला खराबी समजून किंमत पाडून मागतो; जाणकार त्यावरूनच गाव आणि काळ सांगतो.

आपल्या बाजूची ग्रीक नाणी

भारताच्या वायव्येला राज्य केलेल्या ग्रीक राजांनी चौकोनी काशाची नाणी पाडली, हे ग्रीसमध्ये कुठे दिसायचं नाही. पहिल्या अपोलोडोटसचं नाणं घ्या, बाजू साधारण २० मिमी. पुढे बाण धरून उभा अपोलो आणि तीन बाजूंनी ग्रीक लेख. मागे त्याची तिवई, टिंबांच्या चौकटीत, आणि भोवती खरोष्ठीत ‘महरजस त्रतरस अपलदतस’. खरोष्ठी उजवीकडून डावीकडे वाचायची, आणि शेवटचा ‘स’ पुन्हा षष्ठीचाच. एकच मजकूर दोन लिप्यांत असल्यामुळेच १८३०च्या दशकात जेम्स प्रिन्सेप आणि इतरांना खरोष्ठी उलगडता आली. त्यांच्यातल्याच अगाथोक्लीस राजाने ब्राह्मीही वापरली.

घर सोडून न जाण्याची काशाची खोड इथेही दिसते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला पेरिप्लस हा ग्रीक व्यापारी प्रवासग्रंथ सांगतो की भडोचच्या बाजारात अपोलोडोटस आणि मिनँडरच्या जुन्या द्राख्मा चालतात. त्या चांदीच्या. त्यांचे काशाचे चौकोनी तुकडे मुख्यतः आजच्या पाकिस्तान-अफगाणिस्तानच्या पट्ट्यातच सापडतात.

खोटं कसं कळतं

आधी कड पाहा. ओतीव नकलेत दोन साच्यांचा जोड कडेभर फिरतो आणि तो मिटवायला मारलेल्या कानशीच्या रेघा दिसतात. ठोकलेल्या नाण्याची कड बाहेर फाटलेली, भेगा पडलेली असते. पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे आणि साबणाच्या वडीसारखी बोथट अक्षरं, हे दुसरं लक्षण. तिसरं सगळ्यात भरवशाचं आहे: दोन नाण्यांवर ठसा एकसारखा असू शकतो, पण खोक, झीज आणि कडेचा आकार एकसारखा असूच शकत नाही. तसं दिसलं तर निदान एक तरी नक्कल, बहुधा दोन्ही.

काशात आणखी एक फसवणूक असते, आणि ती जास्त त्रासदायक, कारण नाणं अस्सलच असतं. झिजलेल्या केसांवर, डोळ्यावर सुईने नव्याने रेघा कोरतात. भिंगातून पाहिलं की त्या रेघा इंग्रजी व्हीसारख्या धारदार दिसतात आणि आजूबाजूच्या थराशी त्यांचा रंग जुळत नाही. वरून चिकटवलेला वाळूसारखा पिवळसर थर ॲसिटोनमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसला की निघून येतो; खरा थर हलत नाही.

साफ करायचा मोह आणि पावसाळा

चिंच, लिंबू, व्हिनेगर, भांडी घासायची पूड: यातलं काहीही नाण्याला लावू नका. नाण्यावरचा हिरवा-काळा थर हा मळ नाही. तांब्याची ऑक्साइडं आणि कार्बोनेटं शतकानुशतकं साचून झालेली ती कातडी आहे. बारीक अक्षरं पुष्कळदा त्या थरातच शिल्लक असतात. आंबट लावलं की खालचं गुलाबी तांबं उघडं पडतं आणि अक्षर थरासकट जातं. माती काढायची असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये, बॅटरीसाठी मिळतं ते चालतं, आठवडाभर ठेवा, रोज पाणी बदला, आणि लाकडी टूथपिकने हलक्या हाताने खरवडा.

खरा शत्रू क्लोराइड. जमिनीतून आलेलं क्लोराइड थराखाली दडून बसतं. हवेतला ओलावा आणि ऑक्सिजन मिळाला की त्यातून फिकट हिरवी भुकटी आणि आम्ल तयार होतं, ते आम्ल आणखी तांबं खातं, त्यातून आणखी क्लोराइड, असं चक्र चालू राहतं. दही तांब्याच्या भांड्यात कळकतं तेव्हा निदान थांबवता तरी येतं. हे नाणं भोक पडेपर्यंत थांबत नाही. घट्ट, गुळगुळीत, गडद हिरवं ते निरोगी. बोटाला लागणारं, पोपटी, पिठासारखं ते रोगट. शंका असेल तर ओला टिश्यू ठेवलेल्या बंद डबीत, टिश्यूला न टेकवता, २४ तास ठेवा. रोग असेल तर ठिपके फुटतात.

रोगट नाणं लगेच इतरांपासून वेगळं करा. भुकटी काढून ते सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या पाच टक्के द्रावणात (लिटरला ५० ग्रॅम) ठेवतात, आठवड्याला द्रावण बदलतात. याला कित्येक आठवडे लागतात, आणि जास्त काळ ठेवलं तर थराचा रंग निळसर होतो, म्हणून मधूनमधून पाहावं. नंतर डिस्टिल्ड वॉटरने धुणं, ॲसिटोनने पाणी काढणं, पूर्ण सुकवणं आणि मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात. बेंझोट्रायझोल हे रसायन अधिक परिणामकारक, पण विषारी. हातमोजे आणि उघडी खिडकी नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

मुंबई-कोकण-गोव्यात पावसाळ्यात हवेत ८० टक्क्यांच्या पुढे दमटपणा असतो. काशाला ४० टक्क्यांच्या खाली ठेवायला हवं. घट्ट झाकणाचा डबा, आत रंग बदलणारं सिलिका जेल आणि छोटा हायग्रोमीटर. जूनच्या आधी जेल तापवून कोरडं करून घ्या. मऊ पीव्हीसीचे पारदर्शक खिसे टाळा. त्यातलं प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन पाझरून नाण्यावर हिरवा चिकटा धरतं.

घेताना

भारतात शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं. विक्रीचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही, टपालानेही नाही. शेतात किंवा पाया खणताना सापडलेलं धन १० रुपयांहून जास्त मोलाचं असेल तर १८७८च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. अमेरिकेत राहणाऱ्यांनी ग्रीस, इटली, सायप्रस यांच्या नाण्यांवरचे आयात निर्बंध पाहून घ्यावेत; नाणं आधीपासून बाजारात होतं याचा कागद नसेल तर कस्टम्समध्ये अडकतं.

म्हणून पावती, जुन्या लिलावाची चिठ्ठी, आधीच्या मालकाचं पाकीट, काहीही टाकू नका. नाण्यासोबतच्या चिठ्ठीवर एवढं लिहा: मॅसेडोनिया, दुसरा फिलिप किंवा नंतर, कासं, १७.५ मिमी, ६.३ ग्रॅम, दिशा १०, पुढे फीत बांधलेला अपोलो उजवीकडे, मागे घोडेस्वार, वर ‘फिलिप्पू’, खाली चिन्ह अस्पष्ट, कुणाकडून, केव्हा, कितीला. ही चिठ्ठी शाईने नाही, पेन्सिलीने लिहा. दमट हवेत शाई पसरते.